कान स्पष्ट, डोळे पुसट

स्टुडिओच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव, फोटोमागच्या शिक्क्यात नवऱ्याचं, आणि आतल्या खोलीत टेबलाशी अडतीस वर्षं बसलेल्या काकूंचं नाव कुठेच नाही. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं असेल असं वाटत नाही. वाटलं असतं तर त्यांनी ते तोंडावर सांगितलं असतं. मनात ठेवून कुढणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. या एका गोष्टीपर्यंत तरी नव्हत्या.

काकूंचं काम म्हणजे चेहरे नीट करायचे. लग्न होऊन या घरात आल्या आणि पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. टोक इतकं बारीक की बोटाला लागलं तर आधी रक्त यायचं आणि मग कळायचं. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि त्या पेन्सिलीने मुरूम घालवायचे, डोळ्यांखालचं काळं कमी करायचं. सुरकुती मात्र पुसायची नाही, नुसती हलकी करायची. "माणूस ओळखू आला पाहिजे, पण स्वतःला बघून त्याला बरंही वाटलं पाहिजे," असं सासरे म्हणायचे. फोटो छापून आला की त्यावरचे पांढरे ठिपके चार केसांच्या ब्रशने बुजवायचे. पुढे निगेटिव्ह गेल्या, अंधारखोलीत मोडके स्टँड आणि बंद पडलेला पंखा ठेवायला लागले, पेन्सिलीच्या जागी माउस आला. काकू पंधरा दिवसांत तेही शिकल्या. चेहरा तोच की, असं म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत फोटो काढायचे ते काका. शाळेतली पोरं त्यांना 'हलूनका' म्हणतात. दरवर्षी वर्गाच्या फोटोच्या दिवशी फाटकातूनच आरोळी उठते, "ए, हलूनका आले रे!" याला कारण आहे. माणूस स्टुलावर टेकायच्या आत काकांचं "हलू नका" सुरू होतं. एका दुकानदारासाठी लंबकाच्या घड्याळाचा फोटो काढताना ते घड्याळालाही "हलू नका" म्हणाले होते. हे काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय आणि गेली वीस वर्षं त्या आल्यागेल्याला सांगतात.

काकांचे हट्ट दोन. पहिला, फोकस हातानेच धरायचा. कॅमेरे आपोआप फोकस धरायला लागून जमाना झाला, पण काका डोळा काचेला लावून लेन्सची कडी बोटांनी फिरवणार म्हणजे फिरवणार. "मशीनला नाक काय आणि डोळा काय, सगळं सारखंच. माणूस कुठल्या डोळ्यात बसलाय ते मला कळतं." दुसरा हट्ट ठिपक्याचा. खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड बुबुळात पांढरा ठिपका होऊन दिसतो. तो आला नाही तर काका फोटो देत नसत. "ठिपका नाही तर डोळा मेला." शिवाय ठिपका ज्या बाजूला, त्या बाजूने उजेड आलेला असतो. त्यामुळे वर्तमानपत्रातला कोणाचाही फोटो बघितला की काका आधी ठिपका शोधणार आणि जाहीर करणार, "दिवा डावीकडे होता, आणि जरा खालीच लावलाय लेकाने." ते कधी चुकत नसत.

तर दोन वर्षांपूर्वी फोटो मऊ यायला लागले.

मऊ म्हणजे बिघडलेले नव्हेत. गिऱ्हाईकाला कळणारही नाही, पण काकूंना कळायचं. पापणी पापणीसारखी दिसायच्या ऐवजी काजळाच्या रेघेसारखी दिसायची. काकू संगणकावर शार्पची पट्टी जरा पुढे सरकवायच्या, बुबुळाची कडा उठावदार करायच्या, आणि झालं. पहिल्यांदा महिन्यातून एखादा फोटो असा यायचा, मग आठवड्यातून दोन, मग रोज. त्या काही बोलल्या नाहीत. कॅमेरा बारा वर्षांचा होता, दोनदा स्टँडवरून पडला होता. कॅमेराच म्हातारा झालाय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

काकांच्या डोळ्यांचा संशय यायला काही जागाच नव्हती. कारण त्याच सुमाराला काकांचा जवळचा चष्मा सुटला. एका सकाळी त्यांनी चष्म्याशिवाय पेपर वाचून दाखवला, अगदी खालच्या बारीक जाहिरातींसकट. "लोकांचे डोळे जातात, माझे परत आले! तरुण व्हायला लागलोय मी, सांभाळून राहा." काकू म्हणाल्या, "मग गुडघ्यांनाही सांगा." पण मनातून त्या खूश झाल्या. आता हेही खरं, की हल्ली काका रस्त्यात समोरच्याने हाक मारेपर्यंत ओळख दाखवत नसत, आणि दुकानात कोणी शिरलं की आधी "बोला" म्हणत, म्हणजे आवाजावरून माणूस ठरवता यावा. विचारलं तर म्हणत, उन्हाने डोळे दिपतात. काकूंनी तेही मान्य केलं. माणसाला जे मान्य करायचं असतं त्याला तो फार प्रश्न विचारत नाही.

लेक परगावी असते. काकूंनीच तिला फोनवर सांगितलं, "कॅमेरा जुना झाला गं, फोटो मऊ येतात." लेक दोन महिन्यांनी सुट्टी काढून आली ती खोकं घेऊनच.

काकांनी आधी तोंड वाकडं केलं. "जुन्याला काय धाड भरलीय?" मग खोकं उघडलं, मग कॅमेरा हातात घेऊन वजन बघितलं, मग संध्याकाळपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. लेकीने फोकस आपोआप कसा धरायचा ते दाखवलं. लेन्सच्या कडेला एक खटका होता, वर केला की कॅमेरा स्वतः बघतो, खाली केला की माणसाने बघायचं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, खटका खाली केला आणि चुकून वर सरकू नये म्हणून त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. लेकीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मला काय बघतेस? बाप तुझा."

पण कॅमेरा खरोखर उत्तम निघाला, खोटं कशाला बोला. समोरचा शिंपी लायसनसाठी फोटो काढायला आला, तो या कॅमेऱ्याचा पहिला माणूस. काकूंनी फोटो संगणकावर उघडला आणि बघतच राहिल्या. पूर्वी काळा कोट म्हणजे नुसता काळा गठ्ठा दिसायचा. आता त्याची वीण दिसत होती, घडी दिसत होती, दाढी करताना राहिलेले हनुवटीखालचे चार खुंट दिसत होते. चेहऱ्याचा रंगही तोच, जो आत्ता बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा होता. शिंपी पडद्यात डोकं घालून म्हणाला, "अरेच्चा! कॉलरचा टाका उसवलाय की माझा!" आणि फोटो तिथेच टाकून टाका घालायला दुकानात पळाला.

सगळेच काही खूश झाले नाहीत. शेजारीण म्हणाली, "काकू, हा कॅमेरा भारी चहाडखोर आहे हो. माझ्या वरच्या ओठाबद्दल याला कोणी विचारलं होतं?" काकूंनी वरचा ओठ नीट करून दिला. आठवडाभर काकांची छाती इंचभर पुढे होती. काकूंनाही हायसं वाटलं. शार्पच्या पट्टीला हात लावायची वेळच आली नाही.

आता यातली खुबी अशी, की पासपोर्टच्या फोटोला दोन्हीकडून लख्ख दिवे मारायचे असतात. तेवढ्या उजेडात नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळं आपोआप स्पष्ट येतं, फोकस दोन बोटं पुढेमागे झाला तरी खपून जातं. खिडकीच्या मंद उजेडात मोठा फोटो काढायचा तर तसं नाही. तिथे फोकस म्हणजे कागदाच्या जाडीएवढी जागा. डोळ्यावर धरला तर डोळा, नाहीतर नाही. काकूंना हे पाठ होतं. पण त्या दोन-तीन आठवड्यांत कोणी मोठा फोटो काढायला आलंच नाही.

मग शाळेचं बोलावणं आलं. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्त होत होत्या. शाळेच्या सभागृहात आजवरच्या सात मुख्याध्यापकांचे कमरेएवढ्या उंचीचे फोटो ओळीने लावलेत. पहिले तीन सासऱ्यांनी काढलेले, पुढचे चार काकांनी. मोठ्या बाईंचा आठवा. शनिवारी चार वाजता समारंभ, त्याआधी फोटो भिंतीवर लागायला हवा. काका त्या ओळीसमोर दरवर्षी एकदा तरी हात मागे बांधून उभे राहतात. दुसऱ्या कशाचा अभिमान त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

मंगळवारी त्यांनी बाईंच्या ऑफिसात खिडकीशेजारी खुर्ची ठेवून अकरा फोटो काढले. खिडकी उजवीकडे. घरी आले ते शीळ घालत. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर फोटो फर्मास दिसत होते. तसं बोटभर पडद्यावर सगळंच फर्मास दिसतं.

बुधवारी सकाळी काकूंनी पहिला फोटो उघडला, मोठा केला. बाईंचा कान अप्रतिम होता. कानातल्या रिंगची फिरकी दिसत होती, कानामागे दबलेला पांढरा केस दिसत होता. डोळे मात्र पुसट होते. दुसऱ्यातही कान. तिसऱ्यात नाकाचा शेंडा. चौथ्यात मागच्या कपाटातल्या फायलींवरचे आकडे वाचता येत होते आणि बाईंचा चेहरा वाफेत बसल्यासारखा. अकराच्या अकरा तसेच. जुन्या कॅमेऱ्यात सगळाच फोटो सारखा मऊ यायचा, त्यामुळे चूक कुठे झाली ते दिसायचं नाही. हा नवा कॅमेरा इतका नेमका होता, की फोकस डोळ्यापासून किती बोटं चुकलाय तेसुद्धा मोजून दाखवत होता.

काकूंनी पट्टी सरकवून बघितली. डोळे बाहुलीला रंगवल्यासारखे झाले. मग त्या उठल्या, कपाटातून जुना कॅमेरा काढला. का काढला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फडक्याने पुसला आणि डोळ्याला लावून खिडकीबाहेर बघितलं. समोरचं शिंप्याचं दुकान ओळखूच येईना. काच खराब झाली असेल म्हणून पुन्हा पुसली. तसंच. मग आठवलं, की जिथे डोळा लावतात तिथे कडेला मसुराच्या डाळीएवढं एक दातेरी चाक असतं. ज्याची जशी नजर तसं ते फिरवायचं, म्हणजे ज्याला त्याला आतलं स्पष्ट दिसतं. ते चाक अगदी टोकाला जाऊन बसलं होतं, पुढे जागाच नव्हती. काकूंनी ते मागे फिरवलं आणि शिंपी त्याच्या टेपसकट स्पष्ट दिसायला लागला.

चौदा वर्षं वापरलेलं चाक आपोआपही सरकलं असेल, म्हणता आलं असतं. त्यांनी नवा कॅमेरा घेतला. तीन आठवड्यांचा. त्याचंही चाक टोकाला होतं.

काकू खुर्चीवर बसल्या. दोन वर्षं आपण काय झाकत होतो ते त्यांना लख्ख कळलं, आणि वाईट म्हणजे, आतून आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं हेही कळलं. आता कॅमेऱ्यावर ढकलायची सोय उरली नव्हती.

खरं म्हणजे तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. बाहेर काका एका बाळाला "हलू नका" म्हणत होते आणि बाळाची आई हसत होती. काकू उठल्या नाहीत. त्यांनी जुनी फोल्डरं धुंडाळली. आठ वर्षांपूर्वी मोठ्या बाई मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा ओळखपत्रासाठी इथेच स्टुडिओत फोटो काढला होता. त्यात डोळे सुरेख होते, आणि मान साधारण तशीच वळलेली होती. काकूंनी ते डोळे उचलले. मापात आणले, रंग जुळवला, पापण्या बसवल्या, आठ वर्षांच्या सुरकुत्या कडेने घातल्या. बुधवार गेला, गुरुवारची दुपार गेली. काम असं झालं, की सासरे असते तर पाठ थोपटली असती.

एकच गोष्ट त्यांनी तशीच ठेवली. स्टुडिओत दिवा डावीकडे होता, त्यामुळे बुबुळातला ठिपका डावीकडे होता. बाईंच्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड मात्र उजवीकडून. ठिपका हलवायला दोन मिनिटंही लागली नसती. काकूंनी माउसवरचा हात काढून घेतला आणि हाक मारली, "अहो, जरा येता का?"

काका आले, नेहमीसारखे खुर्चीमागे उभे राहिले.

"वा! याला म्हणतात फोटो," ते म्हणाले. "ठिपका बघ कसा आलाय."

"कुठल्या बाजूला आहे?"

"उजवीकडे. खिडकी नव्हती का उजवीकडे?"

काकूंनी पडद्यावर बोट टेकवलं.

"अहो, ठिपका डावीकडे आहे."

"काहीतरीच!" काका वाकले. नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले, तेव्हा त्यांना दिसला. पहिल्यांदा डोक्यात आलं ते धंद्यातलंच. "फोटो उलटा झालाय का?"

"नाही. डोळे आठ वर्षांपूर्वीचे आहेत. मी बसवलेत."

"का?"

"तुम्ही काढलेल्यांत डोळे नव्हते. कान होते."

त्यांनी अकरा फोटो एकामागून एक मोठे करून दाखवले. मग दोन्ही कॅमेरे पुढ्यात ठेवले आणि दोन्ही चाकं दाखवली. काका भडकले. असे भडकले, की बाहेर बाकावर बसलेला माणूस उठून उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. "चष्म्याशिवाय पेपर वाचतो मी! या वयात कोण वाचतं, दाखव! या नव्या धेंडाची लेन्सच वाकडी आहे!"

"जुना झिजला म्हणू," काकू म्हणाल्या. "हा तीन आठवड्यांचा आहे. शिंप्याच्या कॉलरचा टाका दाखवतो तो."

"म्हणजे दोन वर्षं तू माझे फोटो..."

"दुरुस्त करत होते."

"आणि बोलली नाहीस. मला मूर्ख बनवलंस."

"भीती वाटली हो!" काकूंचा आवाज फुटला. "तुम्ही कॅमेरा खाली ठेवला असतात, मग काय केलं असतंत दिवसभर? आणि मी काय केलं असतं? आज मला वाटलं होतं तुम्ही पकडाल. दारातूनच ओरडाल, हा काय चावटपणा लावलायस म्हणून. तुम्ही मला पकडायला हवं होतंत."

काका अंधारखोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. काकूंनी बाहेरच्या माणसाला उद्या यायला सांगितलं. तासभर आतून मोडके स्टँड इकडचे तिकडे केल्याचा आवाज येत होता. मग काका कोपराला जळमटं लावून बाहेर आले.

"मोठ्या बाईंना फोन कर. उद्या सकाळी परत यायचंय म्हणावं."

"काय सांगू त्यांना?"

"सांग, फोटोग्राफरचा फोकस चुकला."

अडतीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. काकूंनी फोन केला आणि अक्षरशः तेच सांगितलं.

शुक्रवारी सकाळी दोघं शाळेत गेले. मोठ्या बाई घुश्शात होत्या. "तीच साडी परत इस्त्री करायची मला, वर आज तपासणी आहे!" काकांनी खुर्ची वीतभर सरकवली, खिडकीला पांढरा पडदा लावला, बाईंना हनुवटी उचलायला लावली. उजेडाचं काकांना अजून सगळं कळत होतं; त्याला बारीक नजर लागत नाही. मग ते कॅमेऱ्याकडे गेले आणि तिथेच थांबले. काकूंनी न बोलता लेन्सवरच्या काळ्या चिकटपट्टीकडे हात नेला. पट्टी काढली, खटका वर केला, की कॅमेरा आपला आपण बघणार होता.

"राहू दे ती," काका म्हणाले. "तू बघ."

"मी? मी कधी..."

"अडतीस वर्षं तू डोळेच बघतेस. बघ."

काकूंनी चाक आपल्या नजरेला जुळवलं आणि डोळा लावला. आजवर त्यांच्यापुढे चेहरे आले ते काढून झालेले, गप्प बसलेले. हा चेहरा श्वास घेत होता, डोळे मिचकावत होता आणि त्याला तपासणीची घाई होती. कडी फिरवताना आधी कपाटातल्या फायली आल्या, मग कान, मग पापण्या, आणि मग अचानक बाई समोर येऊन बसल्यासारख्या दिसल्या. उजव्या बाजूला पांढरा ठिपका, आत खिडकीच्या चौकटीची रेघसुद्धा.

"आला," काकू म्हणाल्या.

"हलू नका," काका म्हणाले, आणि मोठ्या बाई हसल्या. तोच फोटो लागला. शनिवारी चार वाजता पडदा बाजूला झाला तेव्हा मागच्या ओळीतलं एक पोरगं ओरडलं, "बाई माझ्याकडेच बघताहेत!" त्याच्या शेजारचा म्हणाला, "नाही, माझ्याकडे." काका त्या ओळीसमोर हात मागे बांधून उभे राहिले, पण आठव्या फोटोपाशी आल्यावर म्हणाले, "हा मला नीट दिसत नाही. सांग कसा आलाय." काकूंनी सांगितलं. पापण्यांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. चष्म्याशिवाय पेपर वाचतो, हे काकांनी त्यांनाही ऐकवलंच. त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू वाढताना काही जणांचं असं होतं, जवळचं उगाच बरं दिसायला लागतं. तुमच्यासारखे लोक खूश होतात आणि दोन वर्षं उशिरा येतात." काकूंनी खाली बघितलं. उशीर कोणी केला ते त्यांना माहीत होतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी काका घरभर हिंडले. भिंतीचा रंग पिवळट नसून पांढरा आहे यावर त्यांनी वाद घातला. मग काकूंसमोर थांबून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"कपाळावर ही आठी कधी आली तुझ्या?"

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात ते आतल्या खोलीत आले आणि शेजारी स्टूल ओढून बसले. "तुझा हात लागायच्या आधीचे फोटो असतील ना? दाखव." काकूंनी टाळाटाळ केली, पण काका हलले नाहीत. आधी मूळ फोटो, मग काकूंनी नीट केलेला, असे दोन वर्षांचे फोटो ते बघत बसले. मध्ये मध्ये विचारत होते, "हा पण?" "हो." "हा तर चांगला आलाय." "तो मी नीट केलेला आहे. आधीच्यात फोकस मागे गेला होता." संपता संपता त्यांनी विचारलं, "एकाला वेळ किती जायचा?"

"कधी दहा मिनिटं. कधी दुपार."

काका उठले. बाहेरून नवा कॅमेरा स्टँडसकट उचलून आणला आणि खिडकीसमोर ठेवला. "तुझा तो चार केसांचा ब्रश आहे का अजून? आणि पांढरा रंग?"

ब्रश होता. बारा वर्षं खणात पडून होता, पण काकूंनी तो धुऊन, केसांना टोक काढून ठेवला होता. काकांनी काचेला नवा डोळा लावला, चाक हळूहळू फिरवलं, आतलं स्पष्ट दिसलं तिथे थांबले आणि ब्रशने चाकाच्या कडेला एक पांढरा ठिपका दिला. "हा माझा. आता तू लाव डोळा. तुला स्पष्ट दिसेल तिथे थांब, तिथे तुझा देतो. म्हणजे रोज शोधत बसायला नको."

"मला कशाला रोज लागतोय?"

"लागेल. सोमवारी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर येताहेत मोठा फोटो काढायला. खिडकीच्या उजेडात. मी एकटा नाही काढायचो."

काकूंनी डोळा लावला. समोर खिडकीशी काका उभे होते, हातात ब्रश, वाट बघत. काकूंनी चाक फिरवलं, मग कडी फिरवली. भुवई आली, सुरकुत्या आल्या, आणि नव्या डोळ्यात खिडकीचा ठिपका आला. काका ठिपका द्यायला पुढे यायला निघाले.

"हलू नका," काकू म्हणाल्या आणि बटण दाबलं.

दुसरा ठिपका काकांनी मग दिला.